अमेरिकेत समलिंगी विवाह कायदेशीर कसा झाला: परवाना, मान्यता आणि केंद्र सरकार

२६ जून २०१५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'ओबर्गेफेल विरुद्ध हॉजेस' या खटल्याचा निकाल दिला आणि समलिंगी जोडप्यांना देशभर लग्न करता येऊ लागलं. ही तारीख अनेकांना माहीत असते. पण त्याच्या अकरा वर्षं आधीपासून मॅसॅच्युसेट्समध्ये अशी लग्नं रीतसर लागत होती, आणि २०१३ पर्यंत त्याच जोडप्यांना केंद्र सरकार अविवाहित समजत होतं. एकाच घरात राहणारी दोन माणसं राज्याच्या दप्तरी विवाहित आणि केंद्राच्या दप्तरी एकमेकांची कुणीच नाहीत. असं होऊ कसं शकतं, हे कळलं की पुढचा सगळा इतिहास समजायला सोपा जातो.

आपल्याकडे विवाह हा विषय समवर्ती सूचीत आहे. हिंदू विवाह कायदा, विशेष विवाह कायदा हे संसदेने केलेले कायदे. साताऱ्यात नोंदवलेलं लग्न बंगळुरूत मानतील का, हा प्रश्न आपल्याला पडतच नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेत विवाहाचा उल्लेखच नाही, त्यामुळे तो विषय राज्यांकडे. वयाची अट, चुलत-मामे भावंडांच्या लग्नाला मुभा की बंदी, घटस्फोटासाठी किती काळ राज्यात राहिलेलं असावं, सगळं राज्यागणिक वेगळं. लग्नाआधी काउंटीच्या (साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) क्लार्कच्या कार्यालयात ओळखपत्र दाखवून, फी भरून परवाना काढावा लागतो. तो ठरावीक दिवसच चालतो. काही राज्यांत परवाना मिळाल्यावर एक ते तीन दिवस थांबावं लागतं. लग्न लावणारा त्यावर सही करतो, कागद परत क्लार्ककडे जातो आणि नोंद होते. केंद्र सरकारचं विवाहाचं रजिस्टर असं काही नसतंच.

मात्र केंद्राचे कायदे 'तुम्ही विवाहित आहात का' हे पदोपदी विचारतात: आयकर, पेन्शन, ग्रीन कार्ड, वारसा कर, सैनिकाच्या जोडीदाराचे हक्क. २००४ मध्ये केंद्राच्या लेखापरीक्षण कार्यालयाने मोजलं तेव्हा वैवाहिक स्थितीवर अवलंबून असलेल्या अशा केंद्रीय तरतुदी १,१३८ भरल्या.

म्हणून या इतिहासात तीन प्रश्न वेगवेगळे ठेवावे लागतात. पहिला, क्लार्क परवाना देईल का? दुसरा, एका राज्यात झालेलं लग्न दुसरं राज्य मानेल का? तिसरा, केंद्र मानेल का? वाचताना गोंधळ होतो तो बहुतेक वेळा हे तिन्ही एकत्र केल्यामुळेच.

सुरुवात पहिल्या प्रश्नाने झाली. मे १९७० मध्ये मिनेसोटातल्या हेनेपिन काउंटीत जॅक बेकर आणि मायकल मॅकॉनेल यांनी परवान्यासाठी अर्ज केला. क्लार्कने तो नाकारला. राज्याच्या कायद्यात 'एक पुरुष आणि एक स्त्री' असे शब्द कुठेही नव्हते, तरी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये विवाहाचा रूढ अर्थ तोच असल्याचं सांगून दावा फेटाळला. प्रकरण वॉशिंग्टनला, देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९७२ मध्ये तिथे एका वाक्यात निकाल लागला: यात विचार करण्याजोगा केंद्रीय कायद्याचा प्रश्न नाही. सुनावणी नाही, कारणमीमांसा नाही. पण अमेरिकी पद्धतीत असा एका वाक्याचा आदेशही खालच्या न्यायालयांना बांधून ठेवतो. त्या ओळीने केंद्रीय न्यायालयांचं दार पुढची चार दशकं जवळजवळ बंद ठेवलं.

मग वकिलांनी वाट बदलली, आणि माझ्या मते या सगळ्या लढ्यातली सर्वांत हुशारीची चाल हीच. प्रत्येक राज्याला स्वतःची राज्यघटना असते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने केवळ त्या घटनेच्या आधारे निकाल दिला, तर देशाच्या सर्वोच्च न्यायालयालाही तो बदलता येत नाही. त्यामुळे दावे मुद्दाम राज्याच्या घटनेवर बेतले जाऊ लागले.

हवाईत डिसेंबर १९९० मध्ये तीन जोडप्यांनी अर्ज केले. हवाईच्या घटनेत लिंगावरून भेदभाव करायला स्पष्ट मनाई आहे. मे १९९३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परवाना नाकारणं हा वरकरणी लिंगभेदच ठरतो, आणि तो टिकवायचा असेल तर सरकारने अत्यंत सबळ कारण सिद्ध करायला हवं. डिसेंबर १९९६ मध्ये सरकार ते सिद्ध करू शकलं नाही. निकालाला लगेच स्थगिती मिळाली, आणि १९९८ मध्ये मतदारांनी घटनादुरुस्ती करून विवाह स्त्री-पुरुषांपुरता ठेवण्याचा अधिकार विधिमंडळाला दिला. खटला तिथेच संपला. हवाईत एकाही जोडप्याचं लग्न झालं नव्हतं.

पण धसका वॉशिंग्टनने घेतला होता. हवाईत लग्न करून लोक आपापल्या राज्यात परततील आणि मान्यता मागतील, या भीतीपोटी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, १९९६ मध्ये 'डिफेन्स ऑफ मॅरेज अ‍ॅक्ट', म्हणजे 'डोमा', मंजूर केला. प्रतिनिधिगृहात ३४२ विरुद्ध ६७, सिनेटमध्ये ८५ विरुद्ध १४. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी २१ सप्टेंबर १९९६ ला सही केली. कायदा छोटा होता. कलम २ ने दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिलं: दुसऱ्या राज्यातलं समलिंगी लग्न मानण्याची सक्ती कुठल्याच राज्यावर नाही. कलम ३ ने तिसऱ्याचं: केंद्राच्या सगळ्या कायद्यांत विवाह म्हणजे फक्त एक पुरुष आणि एक स्त्री. अमेरिकेत तोवर असं एकही लग्न कायदेशीररीत्या ग्राह्य धरलं जात नव्हतं. लग्न लागण्याआधीच त्याची अमान्यता लिहून ठेवली गेली.

व्हर्मॉन्टच्या न्यायालयाने १९९९ च्या अखेरीस समान लाभ द्या म्हणून सांगितलं, तेव्हा विधिमंडळाने 'सिव्हिल युनियन' नावाचा मधला मार्ग काढला. मॅसॅच्युसेट्सने तो नाकारला. १८ नोव्हेंबर २००३ ला 'गुडरिज' खटल्यात मुख्य न्यायाधीश मार्गारेट मार्शल यांनी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने परवाना नाकारणं राज्याच्या घटनेविरुद्ध ठरवलं आणि सरकारला १८० दिवस दिले. राज्याच्या सिनेटने विचारलं, सिव्हिल युनियन दिलं तर चालेल का? न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की हक्क तेच, पण नाव वेगळं, हा दुय्यम दर्जाच झाला. १७ मे २००४ रोजी पहिली लग्नं लागली.

तिथेही घटनादुरुस्तीचा प्रयत्न झाला. तो फसला यामागे मतं जेवढी होती तेवढीच पद्धतही होती. मॅसॅच्युसेट्समध्ये नागरिकांनी सुचवलेली दुरुस्ती लागोपाठ दोन विधिमंडळांपुढे जाते, दोन्ही वेळा २०० पैकी किमान ५० सदस्यांचा पाठिंबा लागतो, आणि त्यानंतर जनमत. जून २००७ मध्ये दुसऱ्या फेरीत ४५ मतं पडली. पाच कमी. तोवर तीन वर्षं लग्नं लागत होती, आणि शेजारच्या घरातलं जोडपं पाहिलेल्या आमदारांचं मन वळलं होतं.

कॅलिफोर्नियाशी तुलना करून पाहा. तिथे पुरेशा सह्या गोळा केल्या की दुरुस्ती थेट मतपत्रिकेवर येते आणि साधं बहुमत पुरतं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २००८ मध्ये विवाहाचा हक्क दिला, जूनपासून लग्नं सुरू झाली आणि ४ नोव्हेंबरला 'प्रपोझिशन ८' सुमारे ५२ टक्के मतांनी मंजूर होऊन ती थांबली. मधल्या काळात जवळपास १८,००० जोडप्यांची लग्नं झाली होती. २००९ मध्ये न्यायालयाने दुरुस्ती कायम ठेवली, पण ही १८,००० लग्नंही वैध ठेवली. जून ते नोव्हेंबर यांत लग्न केलं असेल तर विवाहित, डिसेंबरात अर्ज केला तर परवाना नाही.

राज्याच्या घटनेच्या वाटेतला धोका इथे दिसतो. जी घटना न्यायालय वापरतं, तीच मतदार बदलू शकतात. मॅसॅच्युसेट्सनंतर हेच सत्र सुरू झालं. नोव्हेंबर २००४ च्या एकाच निवडणुकीत ११ राज्यांनी बंदी घटनेत लिहिली, आणि २०१२ पर्यंत ही संख्या ३० च्या आसपास गेली. ती बंदी ओलांडायची तर देशाच्या राज्यघटनेशिवाय उपाय उरला नाही.

दुसऱ्या बाजूलाही हालचाल होती. २००९ मध्ये आयोवाच्या न्यायालयाने एकमताने हक्क दिला (पुढच्या वर्षी त्यातल्या तीन न्यायाधीशांना मतदारांनी पदावरून घालवलं). त्याच वर्षी व्हर्मॉन्टने गव्हर्नरचा नकाराधिकार ओलांडून विधिमंडळातूनच कायदा केला. २०११ मध्ये न्यूयॉर्क. नोव्हेंबर २०१२ मध्ये मेन, मेरीलँड आणि वॉशिंग्टन या राज्यांच्या मतदारांनी जनमतात होकार दिला.

पण राज्याने परवाना दिला तरी डोमाचं कलम ३ होतंच. बॉस्टनच्या एखाद्या जोडप्याचा मार्च-एप्रिल डोळ्यांसमोर आणा. राज्याचं विवरणपत्र विवाहित म्हणून भरायचं, केंद्राचं प्रत्येकाने एकट्याने. राज्याचे आकडे केंद्राच्या विवरणपत्रातून घ्यावे लागतात, म्हणून एक संयुक्त केंद्रीय विवरणपत्र फक्त हिशोबासाठी तयार करायचं, जे कुठेच दाखल होत नाही. एकीच्या कंपनीने दुसरीचा आरोग्य विमा काढला, तर कंपनीने भरलेली रक्कम बहुधा पगारात धरून केंद्र त्यावर कर लावी. एक जण परदेशी नागरिक असेल तर जोडीदार म्हणून ग्रीन कार्डचा अर्ज चालत नसे. लग्न कितीही जुनं असो, व्हिसा संपला की देश सोडायचा.

हे कलम पडलं ते एका कराच्या बिलामुळे. न्यूयॉर्कच्या एडिथ विंडसर आणि थिया स्पायर यांनी २००७ मध्ये टोरांटोत लग्न केलं. २००९ मध्ये स्पायर वारल्या. न्यूयॉर्क त्यांना विवाहित मानत होतं. विवाहित जोडीदाराला मिळणाऱ्या वारशावर केंद्राचा कर लागत नाही, पण केंद्राच्या लेखी विंडसर परक्या होत्या, म्हणून ३,६३,०५३ डॉलरचा कर भरावा लागला. २६ जून २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी कलम ३ रद्द केलं. न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांचा मुद्दा असा की राज्याने ज्यांना विवाहित ठरवलं, त्यांना केंद्राने मुद्दाम कमी लेखणं घटनेला मान्य नाही.

तिसरा प्रश्न सुटला, पण अर्धाच. अलाबामात राहणारं जोडपं मॅसॅच्युसेट्समध्ये लग्न करून परतलं तर? आयकर खात्याने ऑगस्ट २०१३ मध्ये सांगितलं, लग्न जिथे लागलं तिथे ते वैध असलं की पुरे. स्थलांतर खात्यानेही तोच नियम लावला. सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे केंद्राच्या पेन्शनचा, कायदा मात्र माणूस राहतो त्या राज्याकडे बघतो. म्हणजे आयकरासाठी विवाहित, पेन्शनसाठी अविवाहित. घटस्फोटाची अडचण तर आणखी वाईट. राहतं राज्य लग्नच मानत नाही म्हणून घटस्फोट देत नाही, आणि जिथे लग्न झालं तिथे तुम्ही आता रहिवासी नाही म्हणून दावा चालत नाही. जाचक लग्नात अडकलेल्या माणसाला बाहेर पडायलाही वाट नव्हती.

विंडसर निकालानंतर सहा महिन्यांत, २० डिसेंबर २०१३ ला, युटामधल्या केंद्रीय न्यायाधीशांनी राज्याची बंदी रद्द केली. मग एकामागून एक निकाल येत गेले. ६ ऑक्टोबर २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने पाच राज्यांची अपिलं ऐकायलाच नकार दिला, त्यामुळे तिथली बंदी आपोआप गेली. महिन्याभरात, ६ नोव्हेंबरला, सहाव्या विभागाच्या अपील न्यायालयाने मिशिगन, ओहायो, केंटकी आणि टेनेसीची बंदी कायम ठेवली. अपील न्यायालयांत असा मतभेद झाला की सर्वोच्च न्यायालयाला सहसा हात घालावाच लागतो.

जिम ओबर्गेफेल ओहायोतल्या सिनसिनाटीचे. त्यांचे जोडीदार जॉन आर्थर यांना एएलएस हा स्नायू निकामी करत नेणारा आजार होता आणि ते अंथरुणाला खिळले होते. मेरीलँडमध्ये परवान्याच्या अर्जासाठी दोघांपैकी एकाने हजर राहिलं तरी चालत असे, म्हणून ओबर्गेफेल एकटेच जाऊन परवाना घेऊन आले. ११ जुलै २०१३ ला वैद्यकीय सोय असलेल्या छोट्या विमानाने दोघं बाल्टिमोरच्या विमानतळावर उतरले, धावपट्टीलगत उभ्या विमानातच लग्न लागलं आणि ते तसेच परत फिरले. आर्थर यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर ओहायो त्यांना 'अविवाहित' लिहिणार होतं आणि हयात जोडीदाराची जागा रिकामी राहणार होती. दावा त्या एका रकान्याबद्दल होता. ऑक्टोबरमध्ये आर्थर वारले.

सर्वोच्च न्यायालयाने या चार राज्यांच्या प्रकरणांत मुद्दाम दोन प्रश्न वेगळे काढले: परवाना द्यावाच लागेल का, आणि दुसऱ्या राज्यातलं लग्न मानावंच लागेल का. दोन्हींची उत्तरं होकारार्थी आली. आधार चौदाव्या घटनादुरुस्तीचा: कायद्याच्या रीतसर प्रक्रियेची हमी आणि समान संरक्षण. वेगवेगळ्या वंशांच्या लग्नावरची बंदी रद्द करणारा १९६७ चा 'लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया' हा निकाल यात जागोजागी येतो. १९७२ चा तो एका वाक्याचा आदेश २६ जून २०१५ च्या याच निकालाने स्पष्ट शब्दांत रद्द झाला. विरोधातल्या चारही न्यायमूर्तींनी स्वतंत्र मतं लिहिली, आणि त्यांत मुख्य न्यायमूर्ती जॉन रॉबर्ट्स यांचा मुद्दा होता की हे जनतेने ठरवायचं, न्यायालयाने नव्हे.

अंमलबजावणी एका दिवसात झाली नाही. केंटकीतल्या रोवन काउंटीच्या क्लार्क किम डेव्हिस यांनी धर्माचं कारण देऊन परवाने बंद केले आणि सप्टेंबर २०१५ मध्ये न्यायालयाच्या अवमानासाठी काही दिवस तुरुंगात काढले. आर्कान्सा जन्मदाखल्यावर आईच्या पत्नीचं नाव लिहायला तयार नव्हतं. दात्याच्या शुक्राणूंपासून मूल झालं तरी नवऱ्याचं नाव लिहिता, मग पत्नीचंही लिहा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये बजावलं.

२४ जून २०२२ ला गर्भपाताचा हक्क काढून घेणारा 'डॉब्स' निकाल आला. न्यायमूर्ती क्लॅरन्स थॉमस यांनी आपल्या स्वतंत्र मतात ओबर्गेफेलचाही फेरविचार व्हावा असं लिहिलं. काँग्रेसने त्याच वर्षी 'रिस्पेक्ट फॉर मॅरेज अ‍ॅक्ट' केला. सिनेटमध्ये ६१ विरुद्ध ३६, आणि १३ डिसेंबर २०२२ ला जो बायडन यांची सही. याने डोमा पूर्णपणे रद्द झाला. लग्न लागलं त्या राज्यात ते वैध असेल तर केंद्राने आणि इतर सर्व राज्यांनी ते मानायचं, हे कायद्यानेच ठरलं.

त्याची मर्यादाही नीट लक्षात ठेवायला हवी. हा कायदा दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, पहिल्याचं नाही. कुठल्याही राज्याला परवाना देण्याची सक्ती त्यात नाही. ती सक्ती फक्त ओबर्गेफेलमधून येते. टेक्सास, ओहायो, मिशिगन, जॉर्जिया यांच्या राज्यघटनांत बंदीची वाक्यं आजही तशीच आहेत, फक्त निष्प्रभ. ओबर्गेफेल उद्या उलटला तर ती पुन्हा जिवंत होऊ शकतात. ओहायोतल्या जोडप्याला लग्नासाठी पुन्हा राज्याबाहेर जावं लागेल, मात्र परतल्यावर ओहायोला ते लग्न मानावं लागेल. म्हणूनच काही राज्यं ती वाक्यं काढून टाकत आहेत: नेव्हाडाने २०२० मध्ये, कॅलिफोर्निया, कोलोरॅडो आणि हवाईने नोव्हेंबर २०२४ मध्ये, सगळीकडे मतदारांच्या होकाराने. ओबर्गेफेल उलटवण्याची डेव्हिस यांची विनंती सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सुनावणीस न घेता फेटाळली.

मुलांच्या बाबतीत अमेरिकी वकील एक सल्ला आग्रहाने देतात. जन्म न देणाऱ्या पालकाने केवळ जन्मदाखल्यावर न विसंबता न्यायालयाकडून दत्तकविधानाचा किंवा पालकत्वाचा आदेश घ्यावा. जन्मदाखला ही प्रशासकीय नोंद आहे. न्यायालयाचा निकाल मात्र दुसऱ्या राज्याला मानावाच लागतो, आणि मार्च २०१६ मध्ये अलाबामाने जॉर्जियातलं दत्तकविधान नाकारलं तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य करायला लावलं.

अमेरिकेत असलेल्या मराठी जोडप्यांना या सगळ्याचा थेट संबंध येतो तो व्हिसाच्या कागदांत. २०१३ पासून एच-४ (एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) असो वा ग्रीन कार्ड, समलिंगी जोडीदाराला तेच नियम आहेत. अडचण लग्न करायचं कुठे ही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी 'सुप्रियो' खटल्यात विवाहाचा हक्क नाकारला आणि जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या. एक जण अमेरिकी नागरिक असेल तर के-१ हा वाग्दत्त जोडीदाराचा व्हिसा मिळू शकतो, पोहोचल्यावर ९० दिवसांत लग्न करायचं. ग्रीन कार्ड किंवा एच-१बी असलेल्याला ती सोय नाही. त्याला आधी कुठल्या तरी देशात लग्न करावं लागतं, आणि जानेवारी २०२५ पासून त्यासाठी थायलंडचाही पर्याय आहे. युटा काउंटीतून व्हिडिओवर लग्न लागतं खरं, पण सोहळ्याच्या वेळी दोघं एका ठिकाणी नसतील तर लग्नानंतर प्रत्यक्ष एकत्र येऊन वैवाहिक संबंध सुरू झाल्याशिवाय स्थलांतर कायदा ते लग्न धरत नाही. त्या भेटीचे पासपोर्टवरचे शिक्के, तिकिटं, हॉटेलची बिलं जपून ठेवावीत.

भारतात मात्र अमेरिकेतल्या विवाह दाखल्याच्या आधारे वारसा मिळत नाही. पुण्यातला फ्लॅट एकाच्या नावावर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्याने तो आईवडील, भावंडं अशा नातेवाइकांकडे जाईल. स्वकष्टार्जित मालमत्ता मृत्युपत्राने कुणालाही देता येते, म्हणून भारतातल्या मालमत्तेसाठी दोन साक्षीदारांच्या सह्यांचं वेगळं मृत्युपत्र करावं आणि शक्यतो नोंदवूनही घ्यावं. बँकेत संयुक्त खातं उघडायला किंवा समलिंगी जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही, हे केंद्रीय अर्थमंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. शाखेत कुणी नकार दिला तर त्या खुलाशाची प्रत पुढे करावी आणि नकार लेखी मागावा.